भात सोडू का तूप? सांगलीच्या ताटातनंच वजन उतरवायची पद्धत

वजन कमी करायचं म्हणलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, भात सोडू का तूप सोडू. आणि उत्तर द्यायला दहा जण तयार. एकजण म्हणतो भाकरी चालते भात नको, दुसरा म्हणतो तेल बंद कर सगळं जागेवर येतंय, तिसरा किटोवाला, म्हणजे भात-भाकरी-साखर जवळपास बंद, डब्यात पनीर आणि अंडी आणि बाकीचे सगळे अडाणी असल्यासारखा चेहरा. प्रत्येकाकडं एक मेव्हणा असतोच ज्याचं त्या पद्धतीनं भसाभसा उतरलं, आणि तो मेव्हणा आता परत किती किलोला आहे हे मात्र कुणी सांगत नाही. खाली लिहिलंय ते कुठल्याच पार्टीचं नाही. घरात जे शिजतंय त्यातलं काय हलवायचं, किती हलवायचं, एवढंच आहे.

पण आधी हे भांडण आलं कुठनं ते थोडं बघू, नाहीतर उद्या नवीन कुणी आला की परत आपण त्याच्या मागं.

१९५५ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला आणि तिथं हृदयरोग घराघरातला विषय झाला. मिनेसोटा विद्यापीठातले अ‍ॅन्सेल कीज म्हणत होते की लोणी, चरबी यातलं सॅच्युरेटेड फॅट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि त्यातनं अटॅक येतात. १९५८ पासून त्यांनी सात देशांचा मोठा अभ्यास चालवला, १९६१ ला टाइम मासिकाच्या कव्हरवर झळकले. मग १९७७ ला अमेरिकेच्या सिनेटच्या मॅकगव्हर्न कमिटीनं लोकांना सांगितलं की फॅट कमी करा, धान्य फळं भाज्या वाढवा. साखर कमी करा असंही त्यात होतं, पण फॅटचं तेवढं लोकांच्या डोक्यात बसलं. १९९२ चा अमेरिकन सरकारचा तो प्रसिद्ध आहाराचा पिरॅमिड आठवतोय का, तळाला ब्रेड भात पास्ता दिवसाला ६ ते ११ वाट्या-तुकडे, आणि तेलतूप वर टोकाला चिमूटभर. कंपन्यांनी लगेच लो-फॅट बिस्किटं, लो-फॅट दही काढलं, फॅट काढलं की चव जाते म्हणून त्यात साखर घातली, लोकांनी लो-फॅट आहे म्हणून डबल खाल्लं. आपल्याकडं त्याची सावली अशी पडली की तूप खोबरं बंद, शेंगतेल बंद, आणि चहाबरोबर बिस्किटाचा पुडा मात्र चालू, कारण बिस्किटात कुठं तेल दिसतंय.

उलटी पार्टी पण जुनीच आहे बरं का. लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या माणसानं १८६३ ला छोटी पुस्तिका छापून सांगितलं होतं की ब्रेड, साखर, बटाटा, बिअर सोडून माझं वजन उतरलं. १९७२ ला डॉक्टर अ‍ॅटकिन्सनी तेच जोरात मांडलं, त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जॉन युडकिन सांगत होते की खरा गुन्हेगार साखर आहे. युडकिनचं तेव्हा फार चाललं नाही. पुढं वारं फिरलं, २०१५ च्या अमेरिकन गाइडलाइनमधनं कोलेस्टेरॉलची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा निघाली, म्हणजे अंड्यातला पिवळा सुटला. सॅच्युरेटेड फॅट दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा हे मात्र तसंच राहिलं, ते तूपवाले सांगत नाहीत. आणि जे फॅट खरोखर वाईट निघालं ते वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट, जे आपण स्वस्त आणि शाकाहारी म्हणून वर्षानुवर्षं लग्नाच्या पंगतीत खाल्लं. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं, एफएसएसएआयनं, जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातली त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली.

मग जिंकलं कोण? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं २०१८ ला याचा चांगला निकाल लावला. ६०९ माणसं, अर्ध्यांना लो-फॅट अर्ध्यांना लो-कार्ब (कार्ब म्हणजे धान्य, बटाटा, साखर यातलं पिठूळ-गोड), पूर्ण एक वर्ष. लो-फॅटवाल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बवाल्यांचं ६, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. दोन्हीकडं कुणाचं २५ किलोच्या वर उतरलं आणि दोन्हीकडं कुणाचं वाढलं. आता यातली खरी गोष्ट बघा, दोन्ही गटांना एक सूचना सारखीच होती, साखर आणि मैदा सोडा, भाज्या भरपूर खा, घरी शिजवून खा. कॅलरी मोजायला कुणालाच सांगितलं नव्हतं. २०१९ ला अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतल्या (एनआयएच) केव्हिन हॉलनी २० माणसं महिनाभर सेंटरमध्ये ठेवून बघितलं, कार्ब फॅट साखर सगळं कागदावर सारखं ठेवलं, पण पाकिटातलं कारखान्याचं अन्न दिलं तेव्हा तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खायला लागली. पोटभर खा म्हणून सांगितलं होतं, बस्स.

आपल्याकडं २०१८-१९ च्या सुमाराला डॉ. जगन्नाथ दीक्षित का आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यावरनं घराघरात भांडणं झाली. एक सांगणार दोनच वेळा जेवा, ५५ मिनिटांत आटपा, दुसऱ्या सांगणार तूप भात बिनधास्त खा, आपलं पारंपरिक खा. पण दोघांचंही नीट ऐकलं तर कोल्ड्रिंक आणि बिस्किटाचा पुडा दोन्हीकडनं बाहेरच जातोय. तर आपण तिथनंच सुरू करू, फॅट का कार्ब हे शेवटी ठरवू.

सुरुवात करायच्या आधी तीन मोजमापं घ्या. पहिलं कंबर, बेंबीच्या लेव्हलला टेप, पोट आत न ओढता. आपल्याकडच्या पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की धोका धरतात, आणि बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या वर गेला की आपल्यात जास्त वजन, २५ ला लठ्ठपणा, गोऱ्यांचे २५-३० चे आकडे आपल्याला चालत नाहीत कारण आपली चरबी पोटातच बसते. दुसरं, भाकरीच्या कोरड्या पिठाचा वजनकाट्यावर एकदा हिशोब करा. आपल्याकडं भाकरी म्हणजे काही ठरलेलं माप नाही, जतकडची भाकरी आणि विश्रामबागच्या फ्लॅटमधली भाकरी यात दुपटीचा फरक असतोय. ७० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण २३५ कॅलरी, ७ ग्रॅम प्रोटीन. आणि तिसरं, तेलाच्या डब्यावर आणल्याची तारीख लिहा. हे सगळ्यात कामाचं आहे, पुढं सांगतो.

आता पहिलं काम, आणि हे काम भाकरी कमी करायच्या आधी करायचं, उलटं केलं की चार दिवसांत भूक लागून सगळं सोडून द्याल. ताटात प्रोटीन वाढवा. २०२५ ला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मोठ्या देशभरच्या अभ्यासातनं आलं की आपण भारतीय जवळपास ६२ टक्के कॅलरी कार्बमधनंच घेतो, म्हणजे ताटात कालवण नावाला आणि धान्याचा ढीग. आपल्या आमटीचंच बघा ना, चार माणसांत मूठभर डाळ, बाकी पाणी आणि कट, आणि त्या कटाबरोबर तीन भाकऱ्या जातात. तर आमटी घट्ट करा. एका माणसाला एका जेवणात निदान ३० ग्रॅम कोरडं कडधान्य पडलं पाहिजे, मटकी, मसूर, हरभरा, चवळी, कोरेगावचा घेवडा मिळाला तर लईच भारी, त्यातनं ७ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन येतं. दोन अंडी १२ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम घेतल्या तर १५, आणि त्या रश्श्यात मटणासारख्या लागतात असं म्हणणाऱ्यांनी मटण खाल्लेलं नसतं, पण स्वस्त आहेत आणि काम करतात. पिठलं, झुणका हे सुद्धा डाळच आहे, त्याला गरिबाचं जेवण म्हणून बाजूला सारू नका. वजनाच्या प्रत्येक किलोला दिवसाला निदान ०.८३ ग्रॅम प्रोटीन ही आयसीएमआरची शिफारस, वजन उतरवताना एकापर्यंत नेलं तर भूकही आवरते आणि अंगातलं मांस कमी जातं. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र हे वाढवायच्या आधी डॉक्टरला विचारायचं.

आणि जेवताना क्रम पाळा. आधी काकडी गाजर मुळा मेथीचा पाला जे असेल ते, मग उसळ किंवा अंडं किंवा चिकनचे पीस थोडे, आणि मग भाकरी हातात घ्या. भात सगळ्यात शेवटी. असं खाल्लं की जेवणानंतरची साखर कमी चढते आणि तिसऱ्या भाकरीची आठवण येत नाही. यात सोडायला काहीच लागत नाही, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही पटतंय.

आता धान्य. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ ला नवीन मार्गदर्शन दिलं, त्यात २००० कॅलरीच्या माणसाला दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, डाळी-अंडी-मांस ८५, दाणे-तीळ वगैरे ३५, दूध-दही ३०० मिली असा हिशोब आहे. २५० ग्रॅम म्हणजे पोहे, भाकरी, चपाती, भात सगळं मिळून, कोरडं. वजन उतरवायचं तर १५० ते १८० वर या. म्हणजे काय, तर दोन्ही जेवणांत ७०-७० ग्रॅमची एकेक भाकरी आणि सकाळी मूठभर पोह्यांत भरपूर कांदा मटार, किंवा भाकरी अर्धी करून वाटीभर भात. भात आणि भाकरी दोन्ही फुल्ल हे बंद. आणि कृपा करून ज्वारीची भाकरी म्हणजे औषध समजू नका, फायबर साधारण चपातीएवढंच, चावायला वेळ लागतोय म्हणून पोट लवकर भरतंय, पण पाच भाकऱ्या या पाच भाकऱ्याच. "आमचा आज्जा पाच खायचा" हे वाक्य येणारच, आज्जा दिवसभर उसाला पाणी पाजायचा आणि बाजाराला चालत जायचा, तुमची गाडी पार्किंगमधनं निघून पार्किंगला लागते.

तेलाकडं येऊ. आपल्या भागात फॅट म्हणलं की आधी डेअरी आठवते, म्हशीच्या दुधाला ६ च्या वर फॅट लागलं की दर चांगला आणि घरात आनंद. तेवढाच आनंद पोटावर लागलं की होत नाही. फॅट वाईट नाही, पण एक ग्रॅमला ९ कॅलरी आणि कार्ब आणि प्रोटीन एक ग्रॅमला ४, त्यामुळं चूक झाली तर ती तेलातली महाग पडते. लाकडी घाण्याचं असो का रिफाइंड, कॅलरी तेवढ्याच, घाण्याचं आहे म्हणून जास्त ओतायचं लायसन्स मिळत नाही. आता तो डब्यावरच्या तारखेचा हिशोब. पोषण संस्थेच्या मापानं एका माणसाला दिवसाला तेलतूप मिळून २७ ग्रॅम. चार माणसांचं महिन्याला सव्वातीन किलो. म्हणजे १५ किलोचा डबा चौघांना साडेचार महिने पुरला पाहिजे. बघा तुमचा किती पुरतोय. दीड-दोन महिन्यांत संपत असेल, आणि बऱ्याच घरी तसाच संपतोय, तर तुमचा प्रश्न भात का भाकरी हा नाहीच, तो डबा आहे. कमी करायची सोपी पद्धत अशी की महिन्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचं, बाटली संपली की महिना संपला. आणि किटलीतनं धार धरायचं बंद, चमचा लावायचा. तूप भाकरीवर एक चमचा घ्या की, चव येते, समाधान होतं, ते चोरून खायची गरज नाही, पण कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरनं सांगितलं तेवढंच.

शेंगदाणा हे सगळ्यात फसवं प्रकरण. भाजीत कूट, चटणी दाण्याची, खिचडीत दाणे, संध्याकाळी भडंगात दाणे. चांगलंच आहे ते, पण ३० ग्रॅम दाण्यात १६५ कॅलरी, ७ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे प्रोटीन म्हणून मूठभर ठीक, टीव्ही बघत परात घेऊन बसलं की संपलं. भडंगाचं पण तेच, सांगलीच्या माणसाला भडंग सोड म्हणायची माझी छाती नाही, फक्त वाटीत काढून घ्या आणि डबा परत वर ठेवून या, पिशवीतनं थेट खायचं नाही.

आता जे दोन्ही पार्ट्यांना मान्य आहे ते, आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांचं एवढ्यावरच काम होतंय. चहा. दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम, दिवसाला पाच चहा म्हणजे ५० ग्रॅम, २०० कॅलरी, आणि पोषण संस्थेची मर्यादा २५ ग्रॅमची. मार्केट यार्डात नाहीतर ऑफिसात बसणाऱ्याचे पाच कधीच होत नाहीत, आठ होतात, आला-गेला की चहा. एकदम बंद करू नका, आठवड्याला अर्धा चमचा उतरवा, जीभ महिन्याभरात बदलते. गूळ घातला म्हणून सुटका नाही, गूळ आणि साखर कॅलरीत भाऊभाऊच. चहाबरोबरची खारी, बटर, टोस्ट म्हणजे मैदा आणि फॅट दोन्ही एकत्र, म्हणजे इथं लो-कार्बवाला पण हरला आणि लो-फॅटवाला पण. उसाचा रस एक ग्लास ३० ग्रॅमच्या वर साखर. तासगावचा बेदाणा मूठभर चांगला, पण तो द्राक्षातलं पाणी काढून उरलेली साखरच आहे, ड्रायफ्रूट या नावाखाली पाव किलो खायचा नसतो. द्राक्षं सीझनमध्ये जेवणाच्या ऐवजी नाही, जेवणानंतर डझनभर मणी.

उपवासाबद्दल बोलायलाच पाहिजे, एकादशी अन् दुप्पट खाशी हे आपल्याच लोकांनी म्हणून ठेवलंय. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च, वर दाणे, तूप, बटाटा, आणि दुपारी वेफर. उपवास करायचाच तर वरीचे तांदूळ थोडे आणि दाण्याची आमटी, बरोबर दही, राजगिऱ्याची भाकरी, एक फळ. नाहीतर खरोखरचा उपवास करा, ताक पाणी पिऊन, पण शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी हे करायचं नाही.

बाहेर जेवताना. अख्खा मसूर हा आपला हुकमी पदार्थ, डाळ म्हणून एक नंबर, पण हॉटेलात त्यावर बोटभर तेल तरंगतं आणि सोबत मैद्याची बटर लावलेली रोटी. वरचं तेल चमच्यानं बाजूच्या वाटीत काढा, लाज वाटायचं काय कारण नाही, बिल आपणच देतोय, आणि रोटीच्या जागी भाकरी मागा. मिसळीत शेव कमी मटकी जास्त आणि पाव एक. जत्रेच्या मटणाला मी काही बोलणार नाही, वर्षातनं चार जत्रांनी कुणी जाड होत नाही, पीस खा, तांबडा जपून, भात कमी. दर रविवारची जत्रा असेल तर मात्र विषय वेगळा.

आता घरातली एक गोष्ट, डाएट करणारा एक आणि राबणारी दुसरी असं बऱ्याच ठिकाणी असतंय. साहेबांना वेगळी भाजी, वेगळं सॅलड, पोरांना वेगळं, सासऱ्यांना मऊ. पंधरा दिवसांत ती कंटाळते आणि डाएट बंद पडतं, बरोबरच आहे. वर लिहिलेलं सगळं एकाच पातेल्यात होतंय म्हणून लिहिलंय, घट्ट आमटी आणि कमी तेल सगळ्यांनाच चालतं, फक्त ताटात वाढताना भाकरी-भाताचं माप प्रत्येकाचं वेगळं.

चालण्याचं थोडक्यात. आमराईत नाहीतर कृष्णेच्या घाटावर तासभर भरभर चाललं तर सत्तर किलोच्या माणसाचे २५०-३०० च्या आसपास कॅलरी जातात, म्हणजे एक मोठी भाकरी. बाहेर गाड्यावर वडापाव आणि चहा झाला की हिशोब बरोबरीत. चालणं सोडायचं नाही, शुगर, बीपी, झोप, उतरलेलं वजन टिकवणं या सगळ्याला ते लागतंच, पण उतरवायचं मुख्य काम ताटातच होतं. दोन दिवस थोडं वजन उचला, बैठका जोर मारा, तालमीचा जिल्हा आपला.

फॅट कमी का कार्ब, आता ठरवा. तुमचा तेलाचा डबा लवकर संपतोय आणि भाकरी दोनच जात असतील तर तेल आवरा. तेल मापात आहे पण तीन भाकऱ्या वर भात असेल तर धान्य आवरा. शुगर बॉर्डरवर असेल तर कार्ब कमी करण्याकडं कल ठेवा, तिथं त्याचा फायदा दिसतो. पण औषधं चालू असताना एकदम भात-भाकरी बंद करू नका, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या असतील तर साखर धाडकन खाली जाऊन चक्कर येऊन पडाल, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या जातीतल्या गोळ्यांवर किटो करणं तर धोक्याचं आहे, रक्तात अ‍ॅसिड वाढून थेट आयसीयू. गोळीचा डोस आधी डॉक्टरकडनं बदलून घ्यायचा, मग ताट बदलायचं. गरोदर बायकांनी यातलं काहीच करायचं नाही.

काटा आठवड्यातनं एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. कार्ब कमी केले की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो पटकन जातात, पेढे वाटू नका, ते पाणी आहे. शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या साठ्याच्या, एका ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं, साठा रिकामा झाला की तेही जातं आणि लग्नात जेवून आलात की तेवढंच परत येतं. खरी चरबी एक किलो जायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते, म्हणून आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. दोन-तीन महिन्यांनी काटा थांबतो, सगळ्यांचाच थांबतो, कारण हलकं झालेलं शरीर कमी जाळतं आणि आपलं मापही नकळत सैल झालेलं असतं. तेव्हा नवीन डाएट शोधायचं नाही. कंबर परत मोजा, काटा थांबला तरी ती कधीकधी उतरत असते. भाकरीचं पीठ परत तोला, आणि तेलाच्या डब्यावरची तारीख बघा.